माउसला हात न लावता ईमेल: एनव्हीडीएच्या साथीने थंडरबर्ड वापरताना

रोमन लिपीत ‘आज’ लिहायला तीन कळा लागतात: ए, पुन्हा ए आणि जे. उत्तर लिहिण्याची विंडो उघडली आहे अशा समजुतीने मी एकदा या तीन कळा दाबल्या, पण विंडो उघडलीच नव्हती आणि फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, अजून इनबॉक्सच्या यादीवर होता. पहिल्या ‘ए’ने समोरचा मेल अर्काइव्हमध्ये गेला, दुसऱ्या ‘ए’ने त्याच्या खालचा गेला आणि ‘जे’ने तिसऱ्यावर जंकचा शिक्का बसला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, प्रत्येक वेळी पुढच्या मेलचा विषय इमानेइतबारे वाचत होता. मी मात्र ऐकत नव्हतो, टाइप करत होतो. थंडरबर्डच्या संदेशयादीत बहुतेक अक्षरे म्हणजे स्वतंत्र आज्ञा आहेत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी आपण कुठे आहोत हे ऐकून घेणे, ही सवय पुढच्या प्रत्येक पायरीत गृहीत धरली आहे.

हा लेख विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि मोझिला थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. एनव्हीडीएचे काम ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केले, तर थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ब्राउझरमध्ये मेल उघडूनही काम होते, हे खरे. परंतु तिथे पानाची मांडणी कधी बदलेल याचा भरवसा नसतो आणि ब्राउझरच्या, संकेतस्थळाच्या व स्क्रीन रीडरच्या आज्ञा एकमेकींच्या पायात पाय घालतात. रोज पाच-पन्नास मेल हाताळणाऱ्याने स्वतंत्र प्रोग्राम शिकून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मेनूंची नावे इंग्रजी मांडणीत जशी ऐकू येतात तशीच पुढे देवनागरीत दिली आहेत.

आधीची तयारी

एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञांमध्ये एक खास कळ धरून ठेवावी लागते, तिला इथे ‘एनव्हीडीए कळ’ म्हटले आहे. मुळात ती इन्सर्ट असते. लॅपटॉपवर इन्सर्ट अनेकदा अडचणीच्या जागी असते, म्हणून एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात जाऊन कॅप्स लॉकलाही तेच काम द्यावे. खरोखरचे कॅप्स लॉक हवे असेल तेव्हा ती कळ पटकन दोनदा दाबली की झाले. एनव्हीडीए कळ आणि १ दाबल्यास ‘इनपुट हेल्प’ सुरू होते. या अवस्थेत कोणतीही कळ दाबा, तिचे नाव आणि एनव्हीडीएत तिला काही काम असल्यास ते ऐकू येते, प्रत्यक्षात काहीच घडत नाही. नवशिक्याने पहिला अर्धा तास इथेच घालवला तर तो वाया जात नाही. बाहेर पडण्यासाठी तीच आज्ञा पुन्हा द्यावी.

दिशाभूल झाली की तीन आज्ञा कामी येतात. एनव्हीडीए कळ आणि टी दाबल्यास विंडोचे शीर्षक ऐकू येते. एनव्हीडीए कळ आणि टॅब दाबल्यास फोकस नेमका कशावर आहे ते कळते. आणि बोलणे थांबवायचे असेल तर एकट्या कंट्रोलवर बोट टेकवावे. त्या दिवशी ‘आज’ लिहिण्याआधी यांतली पहिली आज्ञा दिली असती, तर शीर्षकात ‘राइट’ हा शब्द नाही हे मला तत्काळ कळले असते.

आता थंडरबर्डमध्ये चार बदल करून घ्यावेत. पहिला बदल यादीच्या स्वरूपाचा. जुलै २०२३ मध्ये ‘सुपरनोव्हा’ या नावाने आलेल्या ११५ व्या आवृत्तीपासून संदेशांची यादी कार्डांच्या रूपातही दाखवता येते. डोळ्यांना ती मांडणी सुटसुटीत वाटत असेल, पण कानाला तक्त्याची मांडणी अधिक सोयीची असते, कारण तिच्यात कोणते स्तंभ ठेवायचे ते आपल्या हाती राहते. यादीतून शिफ्ट-टॅब दाबत मागे गेल्यावर ‘मेसेज लिस्ट डिस्प्ले ऑप्शन्स’ हे बटण लागते. ते उघडून ‘टेबल व्ह्यू’ निवडावे. नंतर स्तंभ निवडण्याच्या बटणातून नको असलेले स्तंभ काढून टाकावेत. माझ्याकडे विषय, पाठवणारा, तारीख आणि अटॅचमेंट एवढेच उरले आहेत. प्रत्येक जादा स्तंभ म्हणजे प्रत्येक ओळीवर ऐकावा लागणारा एक जादा शब्द, आणि तोही दिवसातून शंभर वेळा.

दुसरा बदल म्हणजे एफ-८ दाबून संदेशाचा खालचा कप्पा बंद करणे. हा कप्पा उघडा असला की बाणांनी यादीतून नुसते खाली जातानाही मेल उघडत जातात आणि न वाचताच वाचलेले ठरतात. तो बंद केल्यावर मेल एंटर दाबल्यावरच उघडतो, स्वतंत्र टॅबमध्ये. सराव झाल्यावर काही जण तो कप्पा पुन्हा उघडून एफ-६ने ये-जा करतात. सुरुवातीला मात्र बंदच बरा.

तिसरा बदल सेटिंग्जमध्ये आहे: ‘क्लोज मेसेज विंडो/टॅब ऑन मूव्ह ऑर डिलीट’ या पर्यायावर खूण करावी. ती नसेल तर उघडलेला मेल डिलीट केल्यावर त्याच टॅबमध्ये पुढचा मेल उघडतो, आणि आपण यादीत परतलो आहोत अशा भ्रमात पुन्हा डिलीट दाबले जाण्याचा धोका असतो.

चौथा बदल उत्तरांसंबंधी आहे. उत्तर लिहिताना थंडरबर्ड मूळ मजकूर उद्धृत करतो आणि कर्सर त्याच्या खाली नेऊन ठेवतो. लांबलचक मेलला उत्तर देताना आपला मजकूर नेमका कुठे पडतो आहे हे यामुळे कळेनासे होते. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग’ या विभागात जाऊन ‘स्टार्ट माय रिप्लाय अबव्ह द कोट’ निवडावे.

यादीत फिरणे

मुख्य विंडोत फोल्डरांची यादी आणि संदेशांची यादी अशा दोन मुख्य जागा आहेत. एफ-६ आपल्याला जागा पालटून देतो, शिफ्ट-एफ-६ उलट दिशेने नेतो. फोल्डरांमध्ये वर-खाली बाणांनी हिंडावे, मिटलेले खाते उजव्या बाणाने उघडावे आणि इनबॉक्स ऐकू आला की एफ-६ दाबून संदेशांत शिरावे. नवे मेल आणण्यासाठी एफ-५ आहे. सगळ्या खात्यांचे एकदम हवे असतील तर शिफ्ट-एफ-५. मेनूपट्टी एरवी लपलेली असते, ती ऑल्ट दाबल्यावर येते.

यादीत एन म्हणजे पुढचा न वाचलेला मेल आणि पी म्हणजे मागचा न वाचलेला. एफ आणि बी हे वाचलेले-न वाचलेले असा भेद न करता पुढे-मागे नेतात. एम दाबल्यास वाचल्याची खूण लागते किंवा निघते, एस दाबल्यास तारांकित होतो. ए आणि जे यांची ओळख वर झालीच आहे. यांखेरीज सी हे अक्षर विशिष्ट तारखांमधले मेल वाचलेले ठरवण्याची चौकट उघडते, आणि शिफ्ट-सी तर कोणतीही तारीख न विचारता पूर्ण फोल्डर वाचलेला ठरवतो.

इथे मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर असेल तर एन दाबल्यावर संगणकाला इंग्रजी अक्षर मिळत नाही, देवनागरी मिळते, आणि मग अशा एकाक्षरी आज्ञांवर भरवसा ठेवता येत नाही. काहीच घडत नाही असे वाटले की विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर यावे. भाषा बदलल्याचे एनव्हीडीए बोलून दाखवतो. मी मराठी फक्त मजकूर लिहिण्यापुरती चालू करतो आणि विंडो बंद करण्याआधी इंग्रजीवर परततो.

एकाच विषयावरचे मेल गुंफून आले असतील तर उजव्या बाणाने गुंफण उघडते आणि डाव्याने मिटते. मिटलेल्या गुंफणीत नवा मेल लपून राहतो आणि तो आलाच नाही असे वाटते, म्हणून मी ‘व्ह्यू’ मेनूतील ‘सॉर्ट बाय’मध्ये जाऊन ‘अनथ्रेडेड’ निवडले आहे. तिथेच ‘डिसेंडिंग’ निवडल्यास सर्वांत नवा मेल वर येतो आणि होम कळ दाबताच सापडतो.

संदेश वाचणे

एंटर दाबून मेल उघडला की एनव्हीडीए सहसा आपण होऊन वाचायला लागतो. मजकूर वेबपानासारखा ‘ब्राउझ मोड’मध्ये असतो: वर-खाली बाणांनी ओळी, कंट्रोलसह डाव्या-उजव्या बाणांनी शब्द, आणि नुसत्या डाव्या-उजव्या बाणांनी अक्षरे ऐकता येतात. एनव्हीडीए कळ आणि खालचा बाण दाबल्यास कर्सरपासून शेवटपर्यंत सलग वाचन होते. लॅपटॉपची मांडणी निवडली असल्यास हेच काम एनव्हीडीए कळ आणि ए करते.

इथे अक्षरांचे अर्थ पुन्हा बदलतात, कारण ब्राउझ मोडमध्ये ती एनव्हीडीएची होतात. एच दाबल्यास पुढच्या शीर्षकावर उडी जाते, के दाबल्यास पुढच्या दुव्यावर, टी दाबल्यास तक्त्यावर, जी दाबल्यास चित्रावर. यादीत न वाचलेला मेल शोधणारा एन इथे दुव्यांची रांग ओलांडून पुढच्या साध्या मजकुराशी नेतो. बँका आणि दुकाने पाठवतात त्या सजवलेल्या जाहिरातवजा मेलांत ही कळ फार उपयोगी पडते. क्यू दाबल्यास उद्धृत मजकुरावर जाता येते, म्हणजे समोरच्याचे उत्तर कुठे संपले आणि आपलाच जुना मेल कुठे सुरू झाला ते समजते. एखादा शब्द शोधायचा असेल तर एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एफ. शिफ्ट धरून हीच अक्षरे दाबली की उलट दिशेने जाता येते.

काही मेलांची रचना इतकी गुंतागुंतीची असते की ऐकणारा मेटाकुटीला येतो. अशा वेळी ‘व्ह्यू’ मेनूत ‘मेसेज बॉडी अ‍ॅज’ शोधून ‘सिंपल एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ निवडावे. पहिल्या पर्यायात दुवे टिकतात, सजावट गळून पडते. माझ्या संगणकावर तोच कायम असतो.

पाठवणाऱ्याचा पत्ता पाहण्यासाठी मजकुरातून शिफ्ट-टॅब दाबत मथळ्याच्या भागात जावे. तिथे ‘फ्रॉम’वर थांबून नावाबरोबर पत्ताही ऐकावा, कारण नाव कोणालाही कोणतेही लावता येते. दुव्यांबाबत तर दृष्टिहीन वाचकाने दुप्पट सावध असावे. डोळस माणूस दुव्यावर माउस नेऊन खरा पत्ता वाचतो. आपल्याला फक्त ‘येथे क्लिक करा, दुवा’ एवढेच ऐकू येते. यावर एनव्हीडीएच्या २०२३.१ या आवृत्तीपासून उपाय आहे: दुव्यावर असताना एनव्हीडीए कळ आणि के दाबल्यास तो दुवा प्रत्यक्ष कुठे नेतो ते वाचले जाते, आणि के पटकन दोनदा दाबल्यास तो पत्ता वेगळ्या विंडोत उघडतो, म्हणजे अक्षरे एकेक करून तपासता येतात. बँकेच्या नावाने आलेल्या मेलातला पत्ता बँकेच्या नावाशी जुळतो आहे का, हे असे सावकाश तपासल्याशिवाय एंटर दाबू नये.

सोबतच्या फायलींसाठी मजकुरातून टॅब किंवा एफ-६ने अटॅचमेंटच्या पट्टीवर जावे आणि शिफ्ट-एफ-१० दाबून येणाऱ्या मेनूतून ‘सेव्ह अ‍ॅज’ निवडावे. पीडीएफ उघडल्यावर एनव्हीडीए गप्प राहिला तर संगणक बिघडला असे समजू नये. बहुधा ते कागदाचे छायाचित्र असते. शिक्के-सह्यांची परिपत्रके अजूनही सर्रास अशीच येतात. पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागण्यात संकोच बाळगू नये.

वाचून झाले की कंट्रोल-डब्ल्यू दाबून टॅब मिटवावा आणि आपण यादीत परत आलो याची खात्री करावी.

मराठी मेल, मराठी आवाज

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक एनजी या उच्चारयंत्रात मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो आणि पहिले काही दिवस कानाला खुपतो. पण भरभर वाचायला लावले तरी शब्द स्पष्ट राहतात. अडचण अशी की मजकूर मराठी आहे अशी खूण मेलात बहुधा नसते, त्यामुळे ‘स्वयंचलित भाषाबदल’ चालू असूनही आवाज आपोआप बदलत नाही आणि इंग्रजी आवाजात देवनागरीचे मातेरे होते.

यावर मला सापडलेला सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे थंडरबर्डसाठी वेगळे ‘प्रोफाइल’ करणे. थंडरबर्डमध्ये असतानाच एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि पी दाबावे. येणाऱ्या चौकटीत ‘न्यू’ निवडून प्रोफाइलला नाव द्यावे आणि ते सध्याच्या अ‍ॅप्लिकेशनसाठी आहे असे सांगावे. मग थंडरबर्डमध्येच राहून एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंग्ज उघडाव्यात, मराठी आवाज निवडावा, वेग जुळवावा आणि ओके करावे. यापुढे थंडरबर्डमध्ये शिरताच आवाज मराठी होईल आणि बाहेर पडताच पूर्ववत होईल. मराठी आवाज रोमन लिपीतले शब्दही निभावून नेतो, त्यामुळे मेनू ऐकताना खोळंबा होत नाही.

एका प्रकारच्या मजकुरावर मात्र कोणताही आवाज चालत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा असतो, आणि स्क्रीन रीडर तो ढिगाराच वाचतो. एकदा असाच मेल आला तेव्हा पाठवणाऱ्याला माझे म्हणणे पटेना, कारण त्याला समोर अस्सल मराठी दिसत होती. तीच फाइल त्याने स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहिल्यावर फोन न ठेवताच त्याने नवी प्रत युनिकोडमध्ये पाठवली. असा मजकूर आला तर तो युनिकोडमध्ये मागावा, आणि ‘मोबाइलवर उघडून पाहा’ ही युक्ती जरूर सुचवावी.

लिहिणे आणि पाठवणे

नवा मेल कंट्रोल-एन, उत्तर कंट्रोल-आर, सर्वांना उत्तर कंट्रोल-शिफ्ट-आर, पुढे पाठवणे कंट्रोल-एल. आज्ञा दिल्यावर क्षणभर थांबून ‘राइट’ हा शब्द ऐकावा आणि मगच बोटे चालवावीत.

नव्या मेलात फोकस ‘टू’ या रकान्यात असतो. नावाची दोन-तीन अक्षरे लिहिली की पत्त्यांच्या सूचना येतात. खालच्या बाणाने हवा तो ऐकून एंटर दाबला की पत्ता पक्का होतो आणि त्याची एक स्वतंत्र गोळी बनते. रकान्यात डावा बाण दाबत गेल्यास या गोळ्या एकेक करून ऐकू येतात, नको ती डिलीटने काढता येते. एकाच नावाची दोन माणसे ओळखीची असतील तर ही उलटतपासणी चुकवू नये. सीसीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी आणि बीसीसीसाठी कंट्रोल-शिफ्ट-बी आहे. टॅबने विषयावर आणि तिथून मजकुरात जावे. मजकुरात टॅब दाबल्यास पुढच्या रकान्यात जाण्याऐवजी तिथेच मोकळी जागा घुसू शकते, म्हणून मजकुरातून निघताना एफ-६ वापरावा.

फाइल जोडण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ए. मजकुरात अटॅचमेंटचा उल्लेख असून फाइल जोडलेली नसेल तर थंडरबर्ड आठवण करून देतो, पण त्याची शब्दसूची इंग्रजी असते. सेटिंग्जमधील कंपोझिशन विभागात ‘कीवर्ड्स’ या बटणातून तिच्यात आपले नेहमीचे शब्द भरता येतात.

लिहून झाल्यावर कंट्रोल-होम दाबून मजकूर आरंभापासून ऐकावा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नुसत्या ऐकून कळत नाहीत. शंका आली की त्या शब्दावर जाऊन अक्षरे एकेक करून ऐकावी लागतात. हे कंटाळवाणे आहे, आणि अर्जासारख्या महत्त्वाच्या मेलाखेरीज मीही ते करत नाही.

पाठवण्याची आज्ञा कंट्रोल-एंटर आहे. पहिल्या वेळी थंडरबर्ड खात्री करून घेतो आणि पुन्हा विचारू नये असा पर्यायही देतो. तो स्वीकारू नये, कारण चुकून दबलेल्या कळेला तेवढाच एक अडसर आहे. महत्त्वाचा मेल मी कंट्रोल-शिफ्ट-एंटरने आउटबॉक्समध्ये ठेवतो, चहा घेऊन आल्यावर पुन्हा ऐकतो आणि ‘फाइल’ मेनूतील ‘सेंड अनसेंट मेसेजेस’ने पाठवतो.

शोध आणि सुधारणा

फोल्डरातल्या फोल्डरात शोधायचे असल्यास कंट्रोल-शिफ्ट-के दाबावे, नाव किंवा विषयातला शब्द लिहावा आणि टॅबने यादीत उतरावे. यादी तेवढ्याच मेलांपुरती आटलेली असेल. सर्व फोल्डरांत शोधण्यासाठी कंट्रोल-के आहे. पहिल्या प्रकारात एक खाचखळगा आहे: ही चाळणी काढायची राहून गेली तर इनबॉक्समध्ये दोन-तीनच मेल उरल्याचे ऐकू येते आणि बाकीचे नाहीसे झाले की काय, या शंकेने पोटात गोळा येतो. शोधाच्या रकान्यात परत जाऊन एस्केप दाबले की सारे परत येते.

चुकून डिलीट किंवा अर्काइव्ह झालेला मेल कंट्रोल-झेडने परत आणता येतो. मात्र प्रत्येक चुकीसाठी ते स्वतंत्रपणे दाबावे लागते आणि उलट क्रमाने परत यावे लागते. शिफ्ट-डिलीटने काढलेल्या मेलाला ही सवलत नाही, म्हणून ती जोडी बोटांच्या सवयीत येऊच देऊ नये. जंक ठरलेला मेल शिफ्ट-जेने निर्दोष ठरवता येतो. अर्काइव्हमधले मेल सहसा वर्षाच्या आकड्याच्या फोल्डरात सापडतात. माझे ‘आज’मधले दोन्ही मेल मला तिथेच, त्या वर्षाच्या फोल्डरात, शेजारी शेजारी मिळाले.